निरंक नोंदींचा इतिहास

ज्याची नोंद नाहीं तें घडलेंच नाहीं, असें मानण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकास फार लवकर होतो. महाविद्यालयांच्या आवारांत विद्यार्थिनींस जो लैंगिक छळ सोसावा लागला, त्याचा इतिहास लिहूं पाहणारास तर हा मोह विशेष घातक आहे; कारण या विषयाचें दप्तर बहुधा रिकामेंच सांपडतें.

नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. तेव्हांपासून किती मुली उत्तीर्ण झाल्या, हें जुन्या कागदांवरून काढतां येईल; शिक्षण अर्ध्यावर सोडून गेलेल्या मुली कां गेल्या, हें मात्र त्यांवरून कळणें कठीण. नागपूरच्या दक्षिणेस, जुन्या शेतांच्या जागीं आतां इमारती उठलेल्या आमच्या बेसा गांवांत, शेजारीं एक निवृत्त शिक्षिका राहतात. ‘आपण एम. ए. पुरें कां केलें नाहीं?’ असें मीं एकदां सहज विचारलें. ‘घरची अडचण होती,’ एवढेंच त्या म्हणाल्या. पुढें कित्येक दिवसांनीं, माझी पत्नी जवळ बसली असतां, त्यांनीं खरी हकीगत सांगितली. अडचण घरची नव्हती. एका अध्यापकाच्या खोलींतली होती. ऐकतांना माझी मान खालीं गेली. ‘घरगुती अडचण’ असें कारण लिहिलेल्या किती तरी अर्जांवर मीं स्वतः, अधिक कांहीं न विचारतां, सही केली आहे.

या मौनाचें एक कारण असें कीं, दुःखाला नांवच नव्हतें. १९७४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत लिन फार्ले यांनीं आपल्या वर्गांतील स्त्रियांस नोकरींतील अनुभव सांगावयास लाविलें, तेव्हां निरनिराळ्या मुखांतून एकच कहाणी निघूं लागली. त्याच विद्यापीठांतील कार्मिटा वुड या कर्मचारी स्त्रीच्या प्रकरणानें तिला धार आली, आणि १९७५ मध्यें इथाका येथील जाहीर सभेपासून ‘लैंगिक छळ’ हें नांव रूढ झालें.

परंतु नुसत्या सांगण्यावर विश्वास कितपत ठेवावा? हा प्रश्न आमच्या विदर्भानेंच देशापुढें मांडला. १९७२ सालीं देसाईगंजच्या पोलीसठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून प्रसिद्ध आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आरोपींस दोषी ठरविलें. १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांस सोडलें. तेव्हां उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार या चौघां कायदेपंडितांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें. त्यांतून उठलेल्या चळवळीमुळें १९८३ मध्यें कायदा बदलला, व कोठडींतील अत्याचाराच्या खटल्यांत ‘माझी संमति नव्हती’ या स्त्रीच्या शब्दाला वजन आलें. पुढें १९९७ चा विशाखा निर्णय, २०१३ चा कायदा आणि उच्च शिक्षणसंस्थांसाठीं २०१५ चे नियम आले. आतां प्रत्येक संस्थेंत तक्रार समिति असावी लागते व वर्षअखेर तक्रारींची संख्या कळवावी लागते. त्या रकान्यांत ‘निरंक’ लिहिलें, कीं वाचणारा निश्चिंत होतो.

तक्रारींचे कागद कायद्यानें गुप्त राहतात, आणि तें योग्यच आहे. म्हणून अभ्यासकानें त्या स्त्रियांकडेच जावें. नांव गाळावें, वाटेल तेथें थांबण्याची मोकळीक द्यावी, ‘तेव्हांच कां बोललां नाहीं?’ हा प्रश्न मुळींच विचारूं नये. कोणी म्हणेल, स्मृति फसवी असते. खरें आहे, सन चुकेल, तो जुन्या कागदांशीं ताडून पाहतां येतो. पण कागद तरी कोणी लिहिलेलाच असतो. ‘घरगुती अडचण’ ही नोंद कागदावर होती, शाईनें होती, तिच्याखालीं सहीही होती. केवळ ती खरी नव्हती.

हल्लीं असा अर्ज पुढें आला, म्हणजे मी लेखणी खालीं ठेवतों, आणि विद्यार्थिनीची इच्छा असल्यास तिनें एखाद्या सहकारी अध्यापिकेजवळ निवांत बसून बोलावें, अशी सोय करून देतों. फार उशिरां सुरू केलेली ही रीत आहे, हें मी जाणतों.