सातवीच्या स्कॉलरशिपपासून डॉक्टरेटपर्यंत

मी बी.ए. झाले ती मराठी माध्यमातून आणि उभी नोकरी केली मेहकर तालुक्यातल्या खेड्यांत. तेव्हा फिजिक्सवर ही काय लिहिणार, असं आमचे नातेवाईक म्हणतील. म्हणू देत! मला फिजिक्सवर नाही, तिथवर नेणाऱ्या वाटेवर लिहायचंय.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. उल्का आदळून झालेलं ते विवर अभ्यासायला देशोदेशीचे संशोधक येतात. आमची पोरं त्यांना वाट दाखवतात आणि घरी परततात. संशोधक व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणूनच मला डॉ. रोहिणी गोडबोले यांची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. जन्म १९५२, पुणे. शाळा हुजूरपागा. म्हणजे १८८४ साली रानडे-भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने निघालेली मुलींची शाळा. पण रोहिणीताईंच्या वेळी तिथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असे. आणि स्कॉलरशिपच्या परीक्षेला तर विज्ञान हवं. मग ते वेगळं शिकावं लागलं. सातवीची ती स्कॉलरशिप मिळवणारी त्या शाळेतली पहिली मुलगी त्याच ठरल्या. पुढे विज्ञान प्रतिभा शोध शिष्यवृत्ती मिळाली. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला ही शिष्यवृत्ती थेट पीएच.डी.पर्यंत हात देई. मग स. प. महाविद्यालयातून बी.एस्सी. आणि १९७४ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी.

डॉक्टरेटसाठी त्या अमेरिकेत स्टोनी ब्रूक इथल्या विद्यापीठात गेल्या. तिकडची पद्धत अशी, की प्रवेश मिळाला म्हणजे लगेच संशोधन सुरू होत नाही. आधी दोनेक वर्षं वर्गात बसायचं, मग पात्रतेची अवघड परीक्षा, ती पार पडली की मार्गदर्शक आणि विषय. बरेचजण खालच्या वर्गांना शिकवतात, त्या बदल्यात फी सुटते आणि जेवणाखाण्यापुरते पैसे मिळतात. शेवटी प्रबंध आणि तज्ज्ञांसमोर त्याचं समर्थन. १९७९ मध्ये रोहिणीताई मूलकणांच्या सैद्धांतिक अभ्यासात डॉक्टर झाल्या.

आणि काळ तरी कसला होता बघा! नोव्हेंबर १९७४ मध्ये दोन प्रयोगशाळांनी एकदमच एक नवा कण सापडल्याचं जाहीर केलं. त्यावरून 'चार्म' नावाचा चौथा क्वार्क खरोखरच असल्याचं कळलं. त्यातली ब्रुकहेव्हनची प्रयोगशाळा स्टोनी ब्रूकच्याच बेटावर, लाँग आयलंडवर. दोन वर्षांत त्या शोधाला नोबेलही मिळालं. ज्या विषयाची पुस्तकं दर वर्षी बदलत होती, तो विषय आपल्या गृहशास्त्रवाल्या शाळेतली मुलगी शिकत होती.

पदवी घेऊन त्या भारतात परतल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था, मग मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. प्रकाशकणांच्या टकरींवर त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्याबरोबर केलेलं काम दोघांच्या नावाने ओळखलं जातं. २००८ मध्ये राम रामस्वामींबरोबर त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या गेल्या.

आता माझा मुद्दा. त्यांच्यापाशी बुद्धी होती, हे खरंच. पण बुद्धी आमच्याही वर्गांत होती. "पोरीले इतकं शिकवून काय करता बाई?" असं विचारणारे पालकही दोन्हीकडे असतीलच. फरक होता तो निरोप पोचण्याचा. अमुक परीक्षा असते, तिचा अर्ज अमुक तारखेला भरतात, हे पुण्यात कानावर पडतं. आमच्या खेड्यात ते सांगायला माणूस लागतो. आणि तो माणूस फिजिक्सचा असायलाच हवा असं थोडंच आहे? मराठीची बाईसुद्धा अर्ज आणून देऊ शकते, जादा तास घेऊ शकते.

आज वाटा वाढल्यात. नेट, गेट आणि खास फिजिक्ससाठी जेस्ट. २०२२ च्या यूजीसी नियमांनी तर चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील, तर एम.एस्सी.शिवाय पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट उघडली. उलट प्रतिभा शोध परीक्षा २०२१ नंतर थांबवली गेली, तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. शाळकरी वयातलं एक दारच बंद झालं. विद्यापीठातले अर्ज पोरं स्वतः शोधतात हो. तेरा वर्षांच्या पोरीला ते दार कुणीतरी दाखवावं लागतं.

म्हणून माझं आपलं एकच सांगणं. घरातली, शेजारची, कामवाल्या ताईंची, कुणाचीही मुलगी सहावी-सातवीत असेल, तर तिला स्कॉलरशिपबद्दल विचारा. अर्ज भरायला बसवा. पुढचं पुढे.