शाळकरी मुलांमधील सायबर छळ : कायद्याचा संक्षिप्त इतिहास

शाळकरी मुलाचा ऑनलाइन छळ झाला, तर भारतीय कायद्याला तो त्या त्या काळात कसा दिसला, हे या टिपणात पाहू.

१. पार्श्वभूमी
माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. पंधराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, छत्तीसगड राज्य स्थापन होऊन रायपूर राजधानी झाले. कायद्याचा मुख्य हेतू ई-व्यापार हा होता. आक्षेपार्ह मजकुरासाठी कलम ६७ होते, पण ते फक्त अश्लीलतेपुरते.

२. तीन टप्पे
(अ) २००१ : दिल्लीतील एका शाळकरी मुलाने वर्गातील मुली व शिक्षिकांविषयी अश्लील संकेतस्थळ बनवले. त्याच्यावर कलम ६७ लागले. वर्गात त्याच्या चेहऱ्यावरून चेष्टा होत असे, असे तेव्हा सांगितले गेले. ती चेष्टा मात्र कोणत्याच कलमात बसत नव्हती.
(आ) २००९ : दुरुस्तीने कलम ६६अ आले. 'त्रासदायक' संदेशही गुन्हा ठरला. पण शब्द इतके सैल होते, की २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली.
(इ) २०१५ : श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्चला हे कलम रद्द केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य वाचले, छळाची नेमकी व्याख्या मात्र झाली नाही.

३. रायपूरचे उदाहरण
एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत छत्तीसगड शासनाने 'पढ़ई तुंहर दुआर' हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. अभ्यासासाठी मोबाइल मुलांच्या हाती आला. आता समजा, रायपूरच्या नववीतील एका मुलाला वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात रोज टोपणनावाने हिणवले जाते. मजकूर अश्लील नाही, धमकीही नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ (ऑनलाइन पाठलाग) केवळ स्त्रीला संरक्षण देते. उरते बदनामीचे कलम; पण हिणवणारेही अल्पवयीन, म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल.

४. निष्कर्ष
कायद्याने आधी अश्लीलता पाहिली, नंतर त्रास. छळाची खूण असलेले सातत्य आणि बळाची विषमता त्याने पाहिली नाही. 'सायबर छळ' नावाचा स्वतंत्र गुन्हा आजही नाही. त्यामुळे पहिली जबाबदारी शाळेवर येते.

स्वाध्याय : कलम ६६अ ची चूक टाळून तुम्ही सायबर छळाची व्याख्या कशी कराल?