देश निवडायचा नाही, फोन आठवड्यातून एकदाच: मॉर्मन तरुण परदेशी मिशनची तयारी कशी करतात?

समजा, तुम्ही 18 वर्षांचे आहात. शाळा नुकतीच संपली आहे. आता कॉलेज, मित्रमंडळी, खेळ, गाणी सगळं बाजूला ठेवून दोन वर्षांसाठी दूर कुठेतरी जायचं आहे. कोणत्या देशात, हे तुम्ही ठरवणार नाही. तिथे कोणती भाषा बोलायची आणि खोलीत सोबत कोण असणार, तेही तुमच्या हातात नाही. पगार मिळणार नाही, उलट खर्च तुमच्याच घरून जाणार.

अमेरिकेतल्या युटा राज्यात आणि जगभरच्या मॉर्मन कुटुंबांमध्ये हजारो मुलंमुली दरवर्षी हा निर्णय घेतात. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावून जोडीनं फिरणारे तरुण तुम्ही हॉलिवूडच्या सिनेमात पाहिले असतील. पण ती नावपट्टी छातीवर येण्याआधी काय काय घडतं? घरात, चर्चमध्ये आणि मुख्य म्हणजे त्या मुलाच्या मनात? समजून घेऊया.

आधी, मॉर्मन म्हणजे कोण?

जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. त्याचं अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं आहे. मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. बायबलसोबत 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथही ते पवित्र मानतात. 'मॉर्मन' हे प्रचलित नाव त्यावरूनच पडलं. 2018 पासून चर्चचं नेतृत्व 'मॉर्मन' न म्हणता पूर्ण नाव वापरा, असा आग्रह धरतं. या लेखात ओळखीचं म्हणून आपण जुनंच नाव वापरतो आहोत.

हे लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. मात्र देवाचं स्वरूप आणि पवित्र ग्रंथ याबाबत मतभेद असल्यानं अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्यात धरत नाहीत. चर्चच्या आकडेवारीनुसार त्यांचे जगभरात 1 कोटी 70 लाखांहून अधिक सदस्य आहेत आणि 70 हजारांहून अधिक मिशनरी कामावर असतात.

तयारी नेमकी कधी सुरू होते?

फॉर्म भरण्याच्या कितीतरी वर्षं आधी. साधारण 14 व्या वर्षापासून मुलं 'सेमिनरी' नावाच्या धार्मिक वर्गाला जातात. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. युटामध्ये शाळेच्या वेळातच त्यासाठी तासभर सवलत मिळते. पण युटाबाहेर बऱ्याच ठिकाणी हा वर्ग शाळेआधी भरतो. म्हणजे थंडीच्या दिवसांत सकाळी सहाच्या सुमारास डोळे चोळत ग्रंथ उघडायचा आणि तिथून थेट शाळेत जायचं.

घरातले नियमही याच तयारीचा भाग असतात. दारू आणि तंबाखू वर्ज्य, आणि आपल्याला सगळ्यात अवघड वाटेल असा नियम म्हणजे चहा-कॉफीही वर्ज्य. आहाराची ही शिकवण 1833 सालची आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, चर्चला द्यायचा. साधारणपणे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करायचा आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. लग्नाआधी शरीरसंबंध ठेवायचे नाहीत.

मुलग्यांसाठी मिशन हे कर्तव्य मानलं जातं. मुलींसाठी ते ऐच्छिक आहे. पूर्वी किमान वय मुलांसाठी 19 आणि मुलींसाठी 21 होतं. ऑक्टोबर 2012 मध्ये ते अनुक्रमे 18 आणि 19 करण्यात आलं आणि त्यानंतर अर्जांची लाट आली. विशेषतः मुलींचं प्रमाण बरंच वाढलं. मुलांचं मिशन 24 महिन्यांचं, तर मुलींचं 18 महिन्यांचं असतं.

मुलाखतीत काय विचारतात?

अर्जासोबत डॉक्टर आणि दातांच्या डॉक्टरांचे तपासणी अहवाल द्यावे लागतात. मानसिक आरोग्याबद्दलही विचारणा होते. त्यानंतर दोन मुलाखती होतात. पहिली स्थानिक बिशपसोबत. मॉर्मन बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. तो नोकरी-धंदा सांभाळून हे काम करणारा वस्तीतलाच माणूस असतो. म्हणजे समोर बसलेला माणूस कदाचित मित्राचा बाबा किंवा शेजारचे दंतवैद्यच असतात. दुसरी मुलाखत त्यांच्या वरच्या पातळीवरचे स्टेक अध्यक्ष घेतात. (अनेक स्थानिक मंडळ्यांचा मिळून एक 'स्टेक' होतो.)

पूर्वी प्रश्न काय असतील याची मुलांना पक्की कल्पना नसायची. 2017 मध्ये चर्चनं ते जाहीर केले. त्यात वागणुकीचे प्रश्न आहेत, आरोग्याचे आहेत. पण सगळ्यात कळीचा प्रश्न विश्वासाचा असतो: तुझी स्वतःची साक्ष आहे का?

'साक्ष' हा इथला महत्त्वाचा शब्द आहे. आईवडील मानतात म्हणून मीही मानतो, हे उत्तर पुरेसं धरलं जात नाही. ग्रंथ स्वतः वाचायचा, मग हे खरं आहे का, असं प्रार्थनेत थेट देवालाच विचारायचं आणि मनाला जे उत्तर जाणवेल त्यावर उभं राहायचं, अशी शिकवण आहे. कुणाला हे उत्तर पटकन मिळतं. कुणी महिनोन्महिने वाट पाहतं. आणि कुणाला काहीच जाणवत नाही. घरात आजोबा, बाबा, मोठा भाऊ असे सगळे मिशनला जाऊन आलेले असताना 'मला अजून खात्री नाही' हे वाक्य उच्चारणं सोपं नसतं. तयारीतला सगळ्यात कठीण टप्पा अनेकांसाठी हाच ठरतो.

पैसे कोण देतं?

मिशनरी स्वतः, त्यांचं कुटुंब किंवा त्यांची स्थानिक मंडळी. अनेक घरांत मूल लहान असतानाच मिशनसाठी वेगळा गल्ला ठेवतात. पुढे सुट्टीतली कामं, गवत कापणं, मुलं सांभाळणं, हॉटेलातली नोकरी यांतून त्यात भर पडते.

अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी ही रक्कम जुलै 2020 मध्ये दरमहा 400 वरून 500 डॉलर झाली. त्या हिशेबानं दोन वर्षांचे 12 हजार डॉलर होतात. नेमणूक महागड्या टोकियोत होवो किंवा तुलनेनं स्वस्त अशा एखाद्या देशात, रक्कम तीच. सगळे पैसे एकत्र जमा होतात आणि प्रत्येक ठिकाणच्या गरजेप्रमाणे वाटले जातात. ज्यांना परवडत नाही त्यांना स्थानिक मंडळी आणि चर्चचा मदतनिधी हातभार लावतात.

कुठे जायचं, हे कसं ठरतं?

उमेदवार देश मागू शकत नाही. शाळेत कोणती भाषा शिकलात, आरोग्य कसं आहे, ही माहिती अर्जात असते. पण अंतिम नेमणूक चर्चच्या 12 प्रेषितांपैकी एक जण करतो. हा निर्णय प्रार्थनेतून आणि देवाच्या प्रेरणेनं होतो, अशी श्रद्धा आहे.

पूर्वी नेमणुकीचं पत्र टपालानं मोठ्या पांढऱ्या पाकिटातून यायचं. 2018 च्या अखेरीपासून ते ऑनलाइन येऊ लागलं. प्रसंगाचा थाट मात्र कायम आहे. नातेवाईक, मित्र, शेजारी हॉलमध्ये जमतात. भिंतीवरच्या नकाशावर जो तो आपला अंदाज लावतो. मग पत्र मोठ्यानं वाचलं जातं. आपल्याकडे बारावीच्या निकालाच्या दिवशी घरात जे वातावरण असतं, साधारण तसंच.

जगभरात चर्चची 400 हून अधिक मिशन क्षेत्रं आहेत. त्यामुळे उत्तर ब्राझील असू शकतं, घाना असू शकतं किंवा चार तासांच्या अंतरावरचं शेजारचं राज्यही. परदेशाची स्वप्नं पाहणाऱ्याला शेजारचं राज्य मिळालं, तर चेहऱ्यावरची निराशा लपवत 'देवाची इच्छा' म्हणणं हीसुद्धा एक परीक्षाच असते.

निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी चर्चमध्ये निरोपाचं भाषण होतं. मंदिरात काही विधी होतात. शेवटी स्टेक अध्यक्ष डोक्यावर हात ठेवून मिशनसाठी आशीर्वाद देतात. त्या क्षणापासून मिशनरी जीवनाचे नियम लागू होतात. डेटिंग बंद, आणि मुलग्याच्या नावाआधी 'एल्डर', मुलीच्या नावाआधी 'सिस्टर' लागतं.

प्रशिक्षण केंद्रात दिवस कसा जातो?

सगळ्यात मोठं केंद्र युटामधल्या प्रोवो शहरात, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला लागून आहे. त्याची सुरुवात 1961 मध्ये भाषा शिकवण्यासाठी झाली. ब्राझील, फिलिपाइन्स, घाना, मेक्सिको अशा देशांतही केंद्रं आहेत. कोरोनाकाळात सगळं प्रशिक्षण ऑनलाइन झालं होतं. 2021 मध्ये प्रोवोचं केंद्र पुन्हा सुरू झालं, पण प्रशिक्षणाचा सुरुवातीचा भाग घरूनच करण्याची पद्धत राहिली.

केंद्राच्या दारात निरोप झटपट उरकतो. गाडी थांबते, बॅगा उतरतात, मिठ्या मारल्या जातात आणि गाडी निघून जाते. आत गेल्यावर प्रत्येकाला एक साथीदार मिळतो. झोपणं, जेवणं, अभ्यास, फिरणं सगळं त्याच्यासोबत. एकट्यानं कुठे जायचं नाही. साथीदार घोरणारा असो, अबोल असो किंवा सतत बोलणारा, जमवून घ्यायचं. भावंडांशी भांडून वेगळ्या खोलीत जाऊन बसायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं.

मिशनरी दिवसाचा साचा ठरलेला असतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठायचं, प्रार्थना, व्यायाम, मग एकट्यानं आणि नंतर साथीदारासोबत ग्रंथवाचन. रात्री साडेदहापर्यंत दिवे बंद. 2017 पासून प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात या वेळापत्रकात थोडी मोकळीक देण्यात आली. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, खरेदी आणि घरी पत्र लिहिण्यासाठी राखीव असतो.

वर्गात 'प्रीच माय गॉस्पेल' हे 2004 मध्ये आलेलं मार्गदर्शक पुस्तक वापरलं जातं. शिकवणारे बहुतेक जण नुकतेच मिशनवरून परतलेले विद्यार्थी असतात. ते कधी दुःखात असलेला माणूस, कधी शंकेखोर गृहस्थ अशा भूमिका वठवतात आणि नव्या मिशनरींना त्यांच्याशी बोलावं लागतं. पाठ केलेलं भाषण इथे चालत नाही. समोरच्यानं 'माझ्या आईच्या आजारपणात देव कुठे होता?' असं विचारलं की 18 वर्षांच्या मुलाकडे तयार उत्तर नसतं. आधी ऐकून घ्यायला शिकणं हाच या वर्गातला खरा धडा.

नवी भाषा इतक्या कमी वेळात?

प्रोवोमध्ये 50 हून अधिक भाषा शिकवल्या जातात. येणारी भाषा असेल तर मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा, नवी शिकायची असेल तर भाषेच्या कठीणपणानुसार साधारण सहा ते नऊ आठवड्यांचा. सुरुवातीच्या दिवसांतच त्या भाषेत प्रार्थना करायची आणि मोडकंतोडकं का होईना, संभाषण करायचं. व्याकरण मागाहून येतं. जेवणाच्या टेबलावरही शक्य तेवढं त्याच भाषेत बोला, असं सांगितलं जातं.

धर्म सांगायचा तर आधी लोकांची भाषा शिकायची, ही रीत ख्रिस्ती मिशनच्या इतिहासात जुनी आहे. मराठी वाचकाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते 1616 मध्ये प्रसिद्ध झालं. अर्थात त्यांनी आयुष्य इथेच घालवलं. मॉर्मन मिशनरींच्या हातात मात्र जेमतेम दोन वर्षं असतात.

घरची आठवण आली तर?

बरीच वर्षं नियम असा होता की घरी फोन वर्षातून दोनदाच करायचा, नाताळला आणि मदर्स डेला. एरवी पत्रं आणि नंतर आठवड्याला ईमेल. फेब्रुवारी 2019 मध्ये हा नियम बदलला आणि दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉलची परवानगी मिळाली. हा बदल छोटा वाटतो, पण घरापासून पहिल्यांदाच दूर गेलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी तो फार मोठा होता.

तरीही काही जण मुदतीआधी परततात. कारण आजार असतो, नैराश्य असतं किंवा विश्वासच उरलेला नसतो. अशा मुलांकडे समाज अपयशी म्हणून बघतो, ही तक्रार परतलेल्यांनीच उघडपणे मांडली आहे. आरोग्याच्या कारणानं दूर जाता येत नसेल, तर घरी राहून अन्नवाटप केंद्रासारख्या ठिकाणी 'सेवा मिशन' करण्याचा पर्याय आहे. 2019 पासून दोन्हींसाठी एकाच अर्जाची पद्धत आली, ती सेवा मिशनकडे कमीपणानं पाहिलं जाऊ नये या दिशेनं टाकलेलं पाऊल होतं.

टीका काय होते?

पहिला आक्षेप वयाचा. ज्यानं अजून जग पाहिलेलं नाही, त्यानं इतरांना जगण्याचा मार्ग सांगावा का? दुसरा आक्षेप दबावाचा. कागदावर निर्णय मुलाचा असतो, पण संपूर्ण वस्तीचं लक्ष त्याच्याकडे असताना तो कितपत मोकळा राहतो? तिसरा आक्षेप धर्मांतरालाच आहे, आणि भारतात तो आपल्या परिचयाचा आहे. भारतात या चर्चचं बेंगळुरूमधलं मिशन 1993 पासून आहे.

चर्चची बाजू अशी की कुणावर सक्ती होत नाही आणि ऐकणाऱ्याला नकार देण्याचा पूर्ण हक्क असतो. परतलेल्यांपैकी अनेक जण सांगतात की किती जणांना बाप्तिस्मा दिला यापेक्षा आपण स्वतः किती बदललो, हेच त्यांच्या लक्षात राहिलं.

तयारीचा सगळा काळ पाहिला तर हे पटतं. सकाळी सहाचा वर्ग, बिशपसमोरची मुलाखत, नकाशावरचं अनोळखी नाव, खोलीतला अनोळखी साथीदार. दुसऱ्याचं दार ठोठावण्याआधी 'मी स्वतः हे मानतो का?' या प्रश्नाला मुलांना पुन्हा पुन्हा तोंड द्यावं लागतं. काही जण त्याचं उत्तर घेऊन निघतात. काही जणांना ते परक्या देशात, परक्या भाषेत सापडतं. आणि काही जण 'नाही' असं प्रामाणिक उत्तर घेऊन घरी परततात. त्यांचं घरात कसं स्वागत होतं, यावरून त्या घरानं आणि त्या चर्चनं आपल्या मुलांना किती मोकळीक दिली आहे, ते कळतं.