जंतू तोच, प्रश्न बदलला

प्रपोजल लिहायला बसलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा आजार कोणत्या जंतूमुळे होतो? कधी कधी हा प्रश्न अपुरा पडतो. कसा, ते एका जंतूच्या इतिहासातून बघा.

1935 साली हॉल आणि ओटूल या अमेरिकन संशोधकांना नवजात बाळांच्या विष्ठेत एक जिवाणू सापडला. तो प्रयोगशाळेत वाढवणं अवघड, म्हणून नाव पडलं ‘बॅसिलस डिफिसिलिस’. त्याचं विष प्रयोगातल्या प्राण्यांना मारत होतं, पण बाळं मात्र ठणठणीत! मग बरीच वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

पुढे अँटिबायोटिक्स आली. ती घेतलेल्या काही रुग्णांना जिवावर बेतणारे जुलाब होऊ लागले; आतड्याच्या आतल्या बाजूला पापुद्रे धरायचे. संशय होता स्टॅफिलोकॉकसवर. 1958 मध्ये डेन्व्हरचे सर्जन बेन आइझमन आणि सहकाऱ्यांनी अशा चार रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा दिला. चौघेही बरे झाले. या आजारामागचा मुख्य जंतू मात्र 1978 मध्ये ओळखला गेला. तो होता आपला 1935 चाच जिवाणू, तेव्हाचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल.

मग इतके दिवस त्याला अडवत कोण होतं? उत्तराची दिशा शिकागोत बोनहॉफ आणि मिलर यांच्या उंदरांनी आधीच दाखवली होती. एरवी साल्मोनेलाची लागण व्हायला साधारण एक लाख जिवाणू लागायचे. स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर दहाहून कमी पुरले. औषधाने आतड्यातले नेहमीचे जिवाणू मेले, जागा आणि अन्न मोकळं झालं, आणि पाहुणा घरमालक झाला.

आता स्वतःला विचारा: आइझमन यांचे चार रुग्ण म्हणजे पुरावा का? नाही. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तो 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत आला. वारंवार उलटणाऱ्या या आजारात दात्याची विष्ठा दिलेल्या 16 पैकी 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनवर 13 पैकी 4. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

संकेत आणि पुरावा यांत 55 वर्षं गेली. म्हणून तुमच्या प्रपोजलमध्ये ‘काय आलं?’ याच्या शेजारी ‘काय गेलं?’ हेही लिहा, आणि ते तपासायला कंट्रोल गट कोणता, तेही तिथेच ठरवा.