जमिनीच्या कागदांतून पूर्वजांचा शोध

श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें घेण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. त्यापलीकडचा पुरुष कोण, असें विचारलें कीं बहुतेक ठिकाणीं उत्तर थांबतें. एखाद्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला असतो, एखाद्याचें नांव तीर्थोपाध्यायाच्या वहींत सांपडतें. परंतु ज्यांच्या वांट्याला यांपैकीं कांहींच आलें नाहीं, अशींच घरें फार. त्यांच्यासाठीं एक दप्तर मात्र पिढ्यान्‌पिढ्या लिहिलें गेलें आहे, आणि तें म्हणजे जमिनीचें. शेत कोणाचें, सारा कोणी भरावयाचा, एकाच्या मागें तें कोणाकडे गेलें, हें सरकारास आणि सावकारास ठाऊक असावें लागे. माणसांची आठवण राहावी म्हणून हे कागद कोणीं लिहिले नाहींत. त्यांत जमिनीचा धनी तेवढा मध्यभागीं दिसतो. बाकीचीं सर्व माणसें समासांत उभीं असतात. समास वाचावयास जो शिकला, त्यालाच घराण्याचा खरा इतिहास सांपडतो. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर हीं तीन शेजारचीं गांवें या गोष्टीचीं उत्तम उदाहरणें आहेत.

अंबरनाथच्या शिवमंदिरांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, उत्तर कोंकणच्या शिलाहार वंशांतील मुम्मुणि राजाच्या काळचा आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा वाचला. एका अंकाच्या वाचनानें देऊळ दोनशें वर्षें मागें-पुढें झालें. घरच्या खतावरील साल वाचणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. याच वंशांतील छित्तराज राजाचा शके ९४८ चा ताम्रपट भांडुप येथें सांपडला. साष्टींतील एक शेत एका ब्राह्मणास दान दिल्याचें त्यांत लिहिलें असून घेणाऱ्याच्या पित्याचें नांव, गोत्र आणि शेताच्या सीमा दिल्या आहेत. देणारा, घेणारा, बाप, सीमा, साक्षी हा जो सांगाडा आजच्या खरेदीखतांत दिसतो, त्याचा पाया असा फार जुना आहे. शेत कसणाऱ्यासाठीं मात्र अशा दानपत्रांत सहसा एक ओळहि नसते.

पेशवाईपर्यंतचे आणि त्यानंतरचेहि पुष्कळ कागद मोडी लिपींत आहेत. त्यांवरील सन बहुधा सुहूर असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘सितैन मया व अलफ’ म्हणजे साठ, शंभर आणि हजार, अर्थात् ११६०. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. हें वर्ष मृगाला सुरू होत असल्यामुळें ११६० म्हणजे १७५९-६०. नांवांमध्यें ‘बिन’ हा शब्द असला कीं पहिला दुसऱ्याचा पुत्र. ‘कोम’ असला कीं ती त्याची पत्नी. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची चाल असल्यामुळें केवळ नांवावरून पिढी ठरवूं नये; बापाचें नांव आणि शेताची खूण हीं दोन्ही जुळलीं तरच माणूस तोच समजावा. ज्याला लिहितां येत नसे, त्याच्या नांवाखालीं निशाणी काढलेली असते. कुणब्याची निशाणी नांगराची. तें नांगराचें चित्र पाहतांना वंशजाला आपल्या पूर्वजाच्या हातची एकुलती एक खूण दिसत असते.

इंग्रजी अमलांत मोजणी झाली, शेतांना नंबर पडले, आणि १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणी सुरू झाली. बदलापूर-अंबरनाथकडील शेतकरी घराण्याच्या शोधाची मुख्य वाट हीच. आजच्या सातबाऱ्यापासून आरंभ करावा आणि त्यावरील फेरफाराचे क्रमांक धरून एकेक पायरी मागें जावें. फेरफाराच्या नोंदवहींत अमुक खातेदार मयत झाला, अमक्यानें वर्दी दिली, वारस अमुक अमुक, अशी हकीकत असते. चारपांच ओळींच्या या नोंदींत मृत्यूची तारीख, मुलांचा क्रम आणि कित्येकदां त्यांचीं वयेंहि मिळतात. मात्र तीं अक्षरें उलगडून वाचावीं लागतात. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हीं तीन अक्षरें दिसलीं कीं एका नांवाच्या आड इतर भाऊ उभे आहेत असें समजावें. पुढील वाटणीपत्रांत ते बाहेर येतात. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप लवकर वारला आणि मूल लहान राहिलें, तर या अक्षरांपुढें बहुधा विधवा आईचें नांव असतें. नवरा जिवंत असेपर्यंत जिचें नांव कोठेंच आलें नाहीं, ती स्त्री अशी त्याच्या मृत्यूनंतर दप्तरांत प्रवेश करते.

लेकींची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानंतर त्यांचीं नांवें वारसांच्या नोंदींत येऊं लागलीं, आणि अनेक घरांत लागलीच भावांच्या नांवें हक्कसोडपत्रेंहि झालीं. त्या पत्रांत बहिणीचें सासरचें नांव आणि गांव लिहिलेलें असतें. जमिनीवरील हक्क सोडतांना तिनें आपला पत्ता मागें ठेविला. मुलींच्या शाखा शोधूं पाहणाऱ्याला याहून भरंवशाचा दुवा क्वचित् मिळेल.

कुळांचें असेंच झालें. पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविणारा माणूस कागदावर फार तर ‘इतर हक्कां’च्या रकान्यांत होता. १९४८ चा कूळकायदा आणि त्याखालीं १९५७ च्या १ एप्रिलचा कृषक दिन यांनीं त्याला धनी ठरविलें. त्या सुमाराचे फेरफार म्हणूनच मोलाचे. अनेक घराण्यांचें नांव मालक म्हणून प्रथम तेथेंच उमटलें. ज्या कातकरी आणि ठाकूर कुटुंबांना जमीनच नव्हती, त्यांना हें दप्तर बव्हंशीं मुकें आहे. दप्तरांत नांव नाहीं, म्हणून घराणें त्या गांवचें नव्हें, असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये.

मृत्युपत्रांविषयीं अपेक्षा बेताचीच ठेवावी. एकत्र कुटुंबाची मिळकत पूर्वी हयात असलेल्या भावांकडे आपोआप जाई. त्यामुळें मृत्युपत्राची गरज थोड्यांनाच पडे. मुंबई शहराबाहेरच्या हिंदूंचें मृत्युपत्र लेखी आणि साक्षांकित असलें पाहिजे, हा नियमहि १९२७ च्या १ जानेवारीपासूनचा. त्यापूर्वींची इच्छा तोंडी सांगितलेली असूं शकते. जीं मृत्युपत्रें नोंदविलीं गेलीं, तीं दुय्यम निबंधकाच्या तिसऱ्या पुस्तकांत असतात. दत्तक घेण्याचीं अधिकारपत्रेंहि त्याच पुस्तकांत. करून देणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर कोणाहि अर्जदारास मिळूं शकते. खरेदीखतें आणि वाटणीपत्रें पहिल्या पुस्तकांत असतात व तें सर्वांना खुलें आहे. मृत्युपत्रांत शेतापेक्षां माणसें अधिक असतात. कोणाला कां कमी दिलें, दिवाबत्ती कोणीं करावी, कोणतें देणें फेडावयाचें राहिलें, हें सारें त्यांतच कळतें.

आतां उल्हासनगरकडे वळावें. महायुद्धाच्या काळांतील कल्याण कँपच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. १९४९ च्या ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं कोनशिला बसविली आणि वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यांतच होता. महाराष्ट्रांत जें काम तलाठी करी, तें सिंधमध्यें तपेदार करीत असे. म्हणजे या कुटुंबांचें दप्तर होतें, पण तें सीमेपलीकडे राहिलें. १९५० च्या कायद्याखालीं निर्वासितांनीं मागें राहिलेल्या मिळकतीचे दावे दाखल केले. १९५४ च्या कायद्यानें भरपाईची व्यवस्था झाली. ज्यांच्यापाशीं खत नव्हतें, त्यांना शपथेवर आणि शेजाऱ्यांच्या साक्षीनें आपलें घर शब्दांत उभें करावें लागलें. गल्ली कोणती, लगतचें घर कोणाचें, वडिलांच्या मागें भाऊ किती, हें त्या दाव्यांत आलें. घराण्याचा जुना पत्ता सांगणारा शेवटचा कागद पुष्कळांच्या बाबतींत हाच आहे. ट्रंकेंत पडलेली त्याची नक्कल रद्दी समजून टाकूं नये.

हे कागद केवळ कुतूहलाचे नाहींत. याच युद्धांत शेजारच्या नेवाळी येथें धावपट्टीसाठीं जमीन घेतली गेली, आणि ती परत मिळावी म्हणून २०१७ सालीं शेतकरी रस्त्यावर उतरले. एकाच युद्धानें एकाची जमीन घेतली आणि त्याच युद्धाच्या कँपांत दुसऱ्या बेघरास निवारा मिळाला. दोघांच्याहि नातवंडांना आज आजोबांचें नांव कागदावर दाखवावें लागतें.

म्हणून शोध घेणाऱ्यानें प्रथम घरांतील वृद्धांना विचारून नांवें, गांव आणि शेतांचीं जुनीं नांवें लिहून घ्यावीं. मग तलाठ्याचें, तहसिलीचें आणि निबंधकाचें दप्तर पाहावें. मोडी वाचणारीं माणसें थोडीं उरलीं आहेत आणि कागदाला वाळवी लागते. नक्कल घेतांना धन्याच्या नांवापाशीं थांबूं नये; साक्षीदार, लगतचे शेतकरी, पालनकर्ती आई, हक्क सोडणारी बहीण, वहिवाटणारें कूळ या सर्वांचीं नांवें उतरून घ्यावीं. मध्यभागींच्या एका नांवानें केवळ वंशावळ होते. समासांतील या सर्वांनीं मिळून घराणें होतें.