मोडीत निघालेलं घर

मराठीत ‘मोडीत काढणं’ म्हणजे निकामी ठरवून टाकून देणं. भंडाऱ्यासारख्या पितळेच्या गावात मात्र मोड हा रोजच्या व्यवहारातला शब्द होता आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होता. तळ गेलेला गंज, चेपलेला गुंड, फुटका गडवा कासाराच्या तराजूत पडला की त्याची मोड झाली. कल्हई, डाग आणि लोखंडी कडी यांचं वजन वजा होई, उरलेलं पितळ नव्या भांड्याच्या हिशेबात जमा होई आणि गिऱ्हाईक घडणावळ व फरक तेवढा देई. मोडीत गेलेली वस्तू मुशीत वितळून पुन्हा कुणाच्या तरी चुलीवर चढत असे.

जुन्या, वापरलेल्या वस्तूंनी कमी खर्चात घर सजवण्याची हौस हल्ली वाढली आहे. ती शहरातून आलेली नवी टूम आहे असं समजलं जातं. गेली काही वर्षं मी भंडारा, पवनी, मोहाडी या भागांतल्या जुन्या घरांत जाऊन एकच प्रश्न विचारतो आहे : ही वस्तू इथे आली कुठून? ‘नवी विकत आणली’ हे उत्तर क्वचितच मिळतं. ‘मोडीतून केली’, ‘वाड्यातून आणली’, ‘आईच्या लुगड्याची आहे’ अशीच उत्तरं येतात. या उत्तरांतून आपल्या भागातल्या घराचा एक इतिहास उभा राहतो. जुन्या वस्तूची किंमत कोणी, कशी ठरवली, याचाही तो इतिहास आहे.

सुरुवात पितळेपासूनच करावी लागेल. ‘भाणा’ म्हणजे पितळेचं ताट, त्यावरून भंडारा, अशी व्युत्पत्ती गावात आवडीने सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, या गावाची ओळख पितळेच्या भांड्यांनी झाली, हे ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांनीही नोंदवलं आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते कितीही वेळा वितळवलं, तरी पुन्हा घडवता येतं. त्यामुळे आजीचं घंगाळ आणि नातीची परात यांत तीच धातू असू शकते. ओट्यावर किंवा फळीवर ओळीने मांडलेली, चिंचेने घासून लख्ख केलेली भांडी हीच त्या घराची सजावट होती आणि अडीअडचणीची पुंजीही. कासाराच्या हिशेबात वस्तूचं वय येतच नव्हतं. दोन शेर पितळ कालचं असो की शंभर वर्षांचं, दोन शेरच.

साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घराघरांत आलं आणि हे चक्र तुटलं. स्टीलला कल्हई नको, घासायला कष्ट कमी. बायांचा किती वेळ वाचला हे विसरून त्याच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही. पण स्टीलचं भांडं फुटलं तर गावातल्या कासाराच्या मुशीत ते पुन्हा घडत नाही. पितळ मोडीत गेलं, बदल्यात स्टील आलं, आणि पुढच्या पिढीजवळ कासाराकडे न्यायला काही उरलं नाही.

लाकडाची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. या भागातले तलाव जसे मालगुजारांचे, तसेच मोठे सागवानी वाडेही. उत्पन्न आटल्यावर आणि वाटण्या झाल्यावर यांतले काही वाडे उतरवले गेले. खांब, म्याल, चौकटी, फळ्या गावात विकल्या गेल्या. मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या घरांना अशी नक्षीची दारं लागली. त्यांचा माग काढायची एक सोपी खूण आहे. खांबाच्या अंगावर, जिथे काहीच बसवलेलं नाही अशा जागी, रिकामी खाच दिसली की समजावं, हा खांब आधी दुसऱ्या घरात उभा होता. आमच्या ओसरीच्या चार खांबांपैकी तिघांना अशा खाचा आहेत. त्यांतल्या एकीत आई वर्षानुवर्षं काडेपेटी ठेवत आली आहे.

कापडाचंही तसंच. पवनीचे विणकर, मोहाडी-आंधळगावचं टसर, करवतकाठी साडी यांची नावं आपण कौतुकाने घेतो. पण लुगडं नेसण्याजोगं राहिलं नाही की त्याचा मधला भाग वाकळीत जाई आणि मजबूत काठ पडद्याला लागे. जरीचं असेल, तर जर जाळून चांदी काढणारा ते घेई. घासलेटचा पत्र्याचा डबा धान्याला, मग तुळशीला, शेवटी कापून छपराच्या भोकाला. जुन्या कॅलेंडरातला देव काच लावून भिंतीवर. प्रत्येक वस्तूला तीन-चार जन्म होते, आणि प्रत्येक जन्मासाठी एक कारागीर किंवा घरातली एक बाई होती.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती गोसीखुर्दमुळे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन झालं. पुढची कित्येक वर्षं पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेलं आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतली गावं उठत गेली. पुनर्वसनाच्या वसाहतींत हिंडताना सिमेंटच्या खोलीला बसवलेलं बुटकं, जाड, सागवानी दार दिसतं. वाकूनच आत जावं लागतं. भिंत नवी आणि चौकट बुडालेल्या गावातली. लोकांनी शक्य तेवढं घर सोबत आणलं होतं.

इथे मला जुन्या वस्तूचे तीन भाव एकत्र दिसले. कासाराने वजन पाहिलं, वय नाही. भूसंपादनाच्या मूल्यांकनात बांधकामाचं वय धरून घसारा लावायची पद्धत, म्हणजे जितकं जुनं तितकं स्वस्त. आणि आता शहरातून टेम्पो घेऊन येणारा जुन्या मालाचा व्यापारी वयाचेच पैसे देतो. सरकारी कागदावर जवळजवळ शून्य झालेलं दार हॉटेलच्या दिवाणखान्यात आरशाची चौकट होऊन बसतं. ज्याने ते उचलून आणलं, त्याच्या हाती या दोन किमतींमधला फरक सहसा पडत नाही.

व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. दार विकून पोरीची फी भरणाऱ्या बापाला तर नाहीच. मला खटकतं ते एवढंच की या तिन्ही हिशेबांत चौथा भाव कुठेच धरला जात नाही : वापराचा. ते दार अजून उघडतं, मिटतं, पावसात फुगत नाही आणि त्याची बिजागरी बसवणारा सुतार परवापर्यंत गावात होता. जुनं टिकलं ते लोकांना इतिहासाचं प्रेम होतं म्हणून नव्हे. दुरुस्त करणारा हात जवळ होता आणि नवं परवडत नव्हतं, म्हणून टिकलं. गरिबीचं गुणगान करायचं कारण नाही. पण त्या हातांची जागा रिकामी झाली, तर कितीही हौसेने आणलेलं घंगाळ झाडाची कुंडी होण्यापलीकडे जाणार नाही.

म्हणून एक छोटं काम सुचवतो. या दिवाळीत घर आवरताना माळ्यावरून जे खाली येईल, त्याची मोड करण्याआधी किंवा ते विकण्याआधी वहीत एक ओळ लिहावी : वस्तू कोणती, कुठून आली, कोणी घडवली, शेवटची दुरुस्ती कोणी केली. वस्तू राहील न राहील. तालुक्यातल्या शंभर घरांनी जरी हे केलं, तरी आपल्या कासार-सुतार-विणकरांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला कुठेही न मिळणारी सामग्री हाती येईल.