हिवाळ्यातील मुंबई आणि मोटारींची जत्रा

मार्गशीर्ष लागला, शाळूच्या रानात थंडी उतरली, की आमच्या कुपवाडकडे एक विषय दरवर्षी निघतो. औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यापाशी उभी राहिलेली तरुण मंडळी असोत, की मधल्या सुट्टीत बसलेले गुरुजी असोत; कोणीतरी म्हणतोच, ‘‘यंदा मोटारींचं प्रदर्शन आहे म्हणे. शनिवार-रविवार साधून जाऊन येऊ या का?’’ त्यावर दुसरा म्हणतो, ‘‘जाऊन करायचं काय? आपल्याला कुठं मोटार घ्यायचीय?’’ आणि बहुतेक वेळा बेत तिथेच संपतो.

मी इतिहासाचा अध्यापक आहे. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण त्या दुसऱ्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, असे मला वाटते. ज्याला मोटार घ्यायची नाही त्याने प्रदर्शनाला का जावे, आणि जायचेच तर बेत कसा आखावा, एवढेच आज सांगणार आहे.

पहिला प्रश्न असा, की ही प्रदर्शने हिवाळ्यातच का भरतात? इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि थंडीत मुंबईला राही. साहजिकच मुंबईची सारी लगबग थंडीत असे. नाताळात कोर्टे बंद, कॉलेजे बंद, कचेऱ्या बंद. वकील, प्राध्यापक, व्यापारी सगळे मोकळे. म्हणून राष्ट्रीय सभेची, म्हणजे काँग्रेसची, अधिवेशने डिसेंबरअखेर भरू लागली. रस्त्यांचेही कारण होतेच. पावसाळ्यात खेड्यांकडचे रस्ते चिखलाचे आणि ओढ्यानाल्यांवर पूल नाहीत, अशा स्थितीत लांबचा प्रवास करायचा तो पाणी ओसरल्यावर. शेतकऱ्याच्याही दृष्टीने खरिपाची सुगी आटोपलेली आणि शाळू अजून उभा, असा हा थोडा सवडीचा काळ. आमच्या तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागायतदारांना मात्र या दिवसांत डोके वर काढायला फुरसत नसते, ही गोष्ट वेगळी.

आता १९०४ सालच्या डिसेंबरात चला. त्या वर्षी काँग्रेसचे विसावे अधिवेशन मुंबईला भरले. सर हेन्री कॉटन अध्यक्ष होते. अधिवेशनाला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरवण्याची प्रथा १९०१ साली कलकत्त्याला सुरू झाली होती. त्याप्रमाणे मुंबईलाही मोठे प्रदर्शन भरले. स्वदेशीची चळवळ जोरात यायला अजून वर्षभर अवकाश होता, पण देशात काय तयार होते आणि काय होऊ शकते हे डोळ्यांनी पाहायला लोक दूरदूरहून आले. योगायोग असा, की नेमक्या त्याच डिसेंबरात पश्चिम हिंदुस्थानच्या मोटार युनियनने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची परीक्षा-यात्रा काढली होती. मुंबईच्या रस्त्यावर मोटारी दिसू लागून तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती. पहिल्या मोजक्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव सांगतात. ही नवी गाडी या देशाचे रस्ते, धूळ आणि नद्या सोसेल का, हे त्या यात्रेत पाहायचे होते.

म्हणजे बघा, एकाच शहरात, एकाच थंडीत, दोन जत्रा. एकीत परदेशात तयार झालेले यंत्र आपल्या रस्त्यावर चालते का, ही परीक्षा. दुसरीत आपल्या हातांनी काय घडते, याची मांडणी. त्या दोन जत्रा एक व्हायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. मोटारींच्या प्रदर्शनाचा आपल्याकडचा इतिहास म्हणजे त्या ऐंशी वर्षांचा इतिहास होय.

त्या इतिहासातला पहिला माणूस आपल्या शेजारचाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकायला मुंबईला गेले. पण त्यांना सगळे रंग नीट ओळखू येत नसत. चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. तेव्हा ते यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईत त्यांनी बायसिकल पाहिली. इतरांनी तिच्यावर बसून हिंडायचे पाहिले. लक्ष्मणरावांनी ती कशी जोडली आहे ते पाहिले. बेळगावला भावाबरोबर त्यांनी सायकलींचे दुकान थाटले. पुढे नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे सुरुवातीला तो कोणी घेईना, तरी ते हटले नाहीत. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, त्यांचा कारखाना उभा राहिला. तेच आजचे किर्लोस्करवाडी. मुंबईला जाताना आपली गाडी त्याच स्टेशनावरून जाते. ज्याला रंग नीट दिसत नव्हते त्याला यंत्र दिसले, ही गोष्ट प्रदर्शनाला निघालेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण तिथे सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो रंगच.

दुसरा माणूस सोलापूरचा, वालचंद हिराचंद. देशात मोटार तयार झाली पाहिजे, असा ध्यास त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून घेतला. सरकारने साथ दिली नाही. तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. आपल्या विश्रामबागेत धोंडूमामा साठ्यांनी १९४७ सालीच अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, त्याला १९५५ साली वालचंदांचे नाव मिळाले. कुपवाडच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर ज्याचे नाव आपण रोज वाचतो, तो माणूस कोण, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? शिक्षक श्रोत्यांनी एकदा वर्गात विचारून पाहावे.

यानंतरची तीस-पस्तीस वर्षे मात्र प्रदर्शनाच्या दृष्टीने कोरडी गेली. परवाने, नियंत्रणे, परकीय चलनाची टंचाई. फियाट, अँबॅसडर आणि स्टँडर्ड, एवढ्यावर मोटारींची यादी जवळजवळ संपायची. पैसे भरून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. जिथे निवडायलाच काही नाही तिथे मांडायचे काय? नव्या मोटारींची जत्रा नव्हती. पण जुन्या मोटारींची सुरू झाली. १९६४ साली दिल्लीला ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने जुन्या गाड्यांची यात्रा काढली, आणि पुढे मुंबईलाही अशा यात्रा निघू लागल्या. संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या गाड्या पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी होई. यात गंमत होती तसे थोडे दुःखही होते. पुढचे दिसेना म्हणून आपण मागचे पुसूनपासून पाहत होतो.

१९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी मालकाच्या हाती पडली आणि १९८६ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रगती मैदानावर पहिले ‘ऑटो एक्स्पो’ भरले. १९९८ च्या जानेवारीत याच प्रदर्शनात टाटांची इंडिका लोकांपुढे आली. ती तयार व्हायची होती आपल्या पुण्यात. २००८ च्या जानेवारीत तिथेच एक लाखाची म्हणून गाजलेली नॅनो दाखवली गेली. नॅनो पुढे बाजारात टिकली नाही, हे आपण जाणतोच. पण १९०४ सालच्या दोन जत्रा इथे एक झाल्या होत्या. रस्त्यावर चालणारे यंत्र आणि आपल्या हातांनी घडलेले यंत्र, दोन्ही एकाच चौथऱ्यावर उभी होती.

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील कुपवाडच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे बांधायचे, वितळलेल्या लोखंडाचा रस त्यात ओतायचा, निवल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचे. यात त्यांची सव्वीस वर्षे गेली. माल पेट्यांत भरून पुण्याकडे जाई. तो पुढे कुठल्या गाडीला, कुठे बसतो, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. मी नोकरीला लागल्यावर त्यांना पुण्याच्या एका प्रदर्शनाला घेऊन गेलो. बेत असा काही केलाच नाही. रविवार गाठला, दुपारी पोहोचलो, परतीचे आरक्षण नव्हते म्हणून संध्याकाळी लवकर निघायचे होते. गर्दी तर अशी, की माणसांच्या पाठीच दिसत होत्या. एका कोपऱ्यात एक उघडा सांगाडा मांडला होता, म्हणजे पत्रा न चढवलेली गाडी. आण्णा खाली वाकले आणि चाकाच्या आतल्या ब्रेक ड्रमकडे बघू लागले. तेवढ्यात पहाऱ्यावरचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, पुढं चला, लाईन थांबलीय.’’ ते मुकाट्याने पुढे झाले. त्या मुलाचा दोष नव्हता. दोष माझ्या बेताचा होता.

परत येताना त्यांनी एवढेच विचारले, ‘‘पुन्हा कधी असतं रे हे?’’ मी म्हणालो, दोन वर्षांनी. दोन वर्षांनी त्यांचे गुडघे गेले होते. ‘‘तू जा, पोरांना घेऊन जा, अन् खालून बघ,’’ म्हणाले. तेव्हापासून मी दर खेपेला विद्यार्थ्यांना घेऊन जातो आणि बेत नीट आखतो. तो कसा, ते सांगतो.

आधी गाव निवडावे. दिल्लीचे प्रदर्शन मोठे खरे, पण मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दोन रात्री आणि मधला दिवस जातो; ते शनिवार-रविवारचे काम नव्हे. आपल्याला पुणे किंवा मुंबईच बरी. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणारे किसान प्रदर्शन शेतकऱ्यांचे असले, तरी ट्रॅक्टर आणि अवजारे उघडून पाहायची असतील तर त्याच्यासारखी जागा नाही.

गावाबरोबर गाडीही ठरवावी. पूर्वी मिरज-पुणे मार्ग मीटर गेजचा होता. पुण्याला उतरून, गाठोडी सांभाळत, मुंबईसाठी रुंद मार्गावरची दुसरी गाडी धरावी लागे. १९७१ साली मार्ग रुंद झाला आणि ती यातायात संपली. आज महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलो, की सकाळी मुंबई. तारीख जाहीर झाली, की जाण्याच्या आधी परतीचे आरक्षण करावे. शुक्रवारी रात्री निघावे, शनिवारी दार उघडताच आत शिरावे, आणि रविवार शहरासाठी ठेवावा. काही प्रदर्शनांचे पहिले दिवस फक्त व्यापाऱ्यांसाठी असतात, तेही विचारून घ्यावे.

मुंबईत रविवारी काय पाहावे? क्रॉफर्ड मार्केटपाशी उभे राहून मुलांना सांगावे, की १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून इथपर्यंत मुंबईची पहिली मोटार-बस धावली. माटुंग्याला जाऊन लक्ष्मणराव जिथे शिकवत त्या संस्थेची आजची इमारत पाहावी. संस्था तेव्हा भायखळ्याला होती, हेही सांगावे. वालचंदांच्या कारखान्यात तयार झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मात्र आता रस्त्यावर मिळणार नाहीत. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्यांचा निरोप झाला. आणि ज्यांना मुंबई जमणार नाही, त्यांनी दसऱ्याला कोल्हापुरात दसरा चौकात उभे राहावे. राजाराम महाराजांच्या काळातली जर्मन मेबॅक मोटार तिथे अजूनही शाही लवाजम्यात येते.

शेवटचे आणि मुख्य म्हणजे, जाताना प्रश्न घेऊन जावे. मी विद्यार्थ्यांना प्रत्येकी तीन प्रश्न लिहून आणायला सांगतो. ‘किंमत काय’ आणि ‘पळते किती’ हे दोन प्रश्न त्यात चालत नाहीत. हा भाग कशाचा आहे? तो कुठे ओतला? तो मोडला तर कोण दुरुस्त करील? असे प्रश्न विचारले, की उभी असलेली मंडळी प्रथम दचकतात, मग आनंदाने सांगतात, आणि कधीकधी आतल्या अभियंत्याला बोलावून आणतात.

गेल्या खेपेला माझ्या वर्गातली एक मुलगी एका उघड्या सांगाड्यापाशी चांगली वीस मिनिटे बसली होती. शनिवार सकाळ होती, मागे रांग नव्हती, तिला कोणी उठवले नाही. तिचे वडीलही फौंड्रीतच आहेत. परत आल्यावर तिने वहीत काढलेली ब्रेक ड्रमची आकृती मी घरी नेऊन आण्णांना दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून पाहिली, पेन मागून घेतले, आणि आतली एक कड तिने जरा जाड काढली होती ती दुरुस्त करून दिली.